पान निर्दोष, फूल अपराधी!

भांगेचे झाड एकच. त्याच्या पानाला भांग म्हणतात, फुलोऱ्याला गांजा म्हणतात आणि त्याच्या राळेला चरस म्हणतात. निसर्गाने हे भेद दंडसंहितेकडे पाहून केलेले नाहीत. भारतीय संसदेने मात्र १९८५ साली एक कायदा करून या झाडाचे तुकडे पाडले. फुलोरा आणि राळ अपराधी ठरली. फुलोऱ्याविना असलेले पान आणि बी ही व्याख्येबाहेर राहून निर्दोष सुटली. उत्तर प्रदेशात आणि राजस्थानात हे निर्दोष पान सरकारी परवान्याच्या दुकानात उघड विकले जाते. महाराष्ट्रात तेच पान विनापरवाना बाळगणे हा १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. म्हणजे केंद्राने ज्याला सोडले त्याला राज्याने धरले. उलट, ज्या गांजावर केंद्राने बंदी घातली, त्याची लागवड, वाहतूक, विक्री व वापर यांचे वैद्यकीय आणि शास्त्रीय कारणांपुरते नियमन करण्याचा अधिकार त्याच केंद्रीय कायद्याच्या कलम १० ने राज्यांना दिलेला आहे. हा अधिकार महाराष्ट्राने वापरावा अशी इच्छा मंत्रालयात बसलेल्या कोणत्याही पक्षाला कधी झाली नाही.

केंद्र आणि राज्य यांच्या या दुहेरी कायद्यांच्या जात्यात नेमके कोण भरडले जाते, हा समाजवाद्यांपुढचा खरा प्रश्न आहे. गांजा चांगला की वाईट, हा प्रश्न त्यानंतरचा.

चोर सोडून संन्याशाला सुळी

‘विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी’ या संस्थेने २०२० साली मुंबईतील अशा खटल्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयांत २०१७ आणि २०१८ या दोन वर्षांत निकालात निघालेली दहा हजारांहून अधिक प्रकरणे त्यात तपासली गेली. त्यांतील जवळजवळ सर्व प्रकरणे स्वतःच्या सेवनाची होती. त्यांतही फार मोठा भाग गांजाचा होता. आरोपी बहुतांशी रोजंदारीवर जगणारे, झोपडपट्टीत किंवा रस्त्यावर राहणारे होते. आणि त्यांतील बहुतेक सर्वांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला होता.

या कबुलीचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. दादरच्या बाजारात पहाटे पाट्या वाहणारा हमाल, परळच्या पुलाखाली रात्र काढणारा बिगारी, लालबागच्या मसाला गल्लीत पोती चढवणारा मजूर यांपैकी कोणी ओढलेल्या चिलमीसाठी पकडला गेला, तर त्याच्यापुढे दोन वाटा असतात. गिरगाव किंवा भोईवाडा येथील न्यायालयात ‘गुन्हा मान्य’ म्हणून दंड भरावा आणि संध्याकाळी मोकळे व्हावे. नाहीतर निर्दोषत्व सिद्ध करण्यासाठी वर्षानुवर्षे तारखा खाव्यात आणि प्रत्येक तारखेला एक दिवसाची मजुरी गमवावी. वकिलाची फी दंडापेक्षा जड असते. म्हणून तो कबूल करतो. कायद्याच्या दप्तरात या व्यवहाराला ‘दोषसिद्धी’ म्हणतात. वस्तुतः तो गरिबीवर बसवलेला कर आहे. दंड भरून माणूस सुटतो, पण नोंद सुटत नाही. उद्या रखवालदाराची वा वाहनचालकाची नोकरी मागताना चारित्र्याची पडताळणी झाली की ती नोंद त्याच्यापुढे उभी राहते. ज्या माणसाला व्यसनातून बाहेर पडण्यासाठी स्थिर रोजगाराची सर्वांत अधिक गरज आहे, त्याचा रोजगारच हा कायदा हिरावून घेतो.

दुसरीकडे, ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय अमली पदार्थ नियंत्रण ब्युरोने मुंबईच्या बंदरातील एका आलिशान प्रवासी जहाजावर छापा घातला आणि एका प्रसिद्ध चित्रपट अभिनेत्याच्या मुलाला अटक केली. त्याच्याजवळ काही सापडलेले नव्हते. देशातील नामवंत विधिज्ञ त्याच्यासाठी उभे राहिले. तरीही उच्च न्यायालयातून जामीन मिळेपर्यंत सुमारे तीन आठवडे त्याला आर्थर रोड तुरुंगात काढावे लागले. मे २०२२ मध्ये त्याच ब्युरोने पुराव्याअभावी त्याचे नाव आरोपपत्रातून वगळले. त्या तरुणावर अन्यायच झाला, यात शंका नाही. परंतु विचार असा करावयास हवा की, ज्याच्या पाठीशी एवढे धन, एवढे वकील आणि एवढी प्रसिद्धी होती त्याची जर ही गत झाली, तर सातरस्त्याजवळच्या त्याच तुरुंगात, जिथे अधिकृत क्षमतेपेक्षा प्रत्यक्षात कितीतरी पटींनी अधिक माणसे कोंबलेली असतात, तिथे निनावी मजुराची गत काय होत असेल? त्याचे नाव वृत्तपत्रात येत नाही. दूरचित्रवाणीवर त्याच्यासाठी वादविवाद झडत नाहीत.

याच काळात केंद्र आणि राज्य यांचा झगडा रस्त्यावर आला होता. राज्यातील एका मंत्र्याच्या जावयाला जानेवारी २०२१ मध्ये केंद्रीय ब्युरोने गांजाच्या प्रकरणात अटक केली आणि सप्टेंबरपर्यंत तो तुरुंगात राहिला. मंत्री आणि ब्युरोचे अधिकारी यांच्यात रोज आरोप–प्रत्यारोप होऊ लागले. केंद्रात एक पक्ष, राज्यात दुसरी आघाडी. आणि अमली पदार्थांचा कायदा हे दोघांच्या हातातील राजकीय शस्त्र! या भांडणात गांजा ओढणाऱ्याचे आरोग्य हा विषय कोणाच्याही भाषणात नव्हता.

कायदा आला कुठून?

‘गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम’ या लांबलचक नावाचे विधेयक २३ ऑगस्ट १९८५ रोजी लोकसभेत मांडले गेले, दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केले, १६ सप्टेंबरला त्यावर राष्ट्रपतींची संमती झाली आणि १४ नोव्हेंबरपासून तो कायदा अमलात आला. मांडणीपासून संमतीपर्यंत चार आठवडेही लागले नाहीत. शतकानुशतके या देशातील साधू, फकीर, शेतकरी आणि मजूर ज्या पदार्थाचा वापर करीत आले, त्याचा निकाल इतक्या घाईने लावला गेला.

या घाईमागे परराष्ट्रीय बंधन होते. १९६१ चा अमली पदार्थांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार १९६४ साली अमलात आला. गांजाचा वैद्यकेतर वापर पंचवीस वर्षांच्या आत बंद करण्याची सवलत त्यात होती. ती मुदत १९८९ च्या डिसेंबरात संपत होती. या करारामागे अमेरिकेचा रेटा होता, हे सर्वश्रुत आहे. करारात पान वगळले गेले म्हणून भारताच्या कायद्यातही पान वाचले. थोडक्यात, होळीला भांग पिणारा सभ्य गृहस्थ सुटावा आणि चिलीम ओढणारा मजूर अडकावा, ही विभागणी झाडाच्या रसायनावरून जितकी ठरली त्याहून अधिक सोयीवरून ठरली.

भारताजवळ स्वतःचे ज्ञान नव्हते असे नाही. १८९३ साली ब्रिटिश सरकारने नेमलेल्या भारतीय भांग चौकशी आयोगाने १,१९३ साक्षीदारांच्या साक्षी घेतल्या आणि १८९४ मध्ये सात खंडांचा अहवाल दिला. वेड्यांच्या इस्पितळांतील ज्या आकड्यांवरून ‘गांजाने वेड लागते’ असे म्हटले जात होते, ते आकडेच विश्वासार्ह नाहीत, असे आयोगाला आढळले. माफक सेवनाने सामान्यतः हानी होत नाही, अतिसेवनाने होते. म्हणून पूर्ण बंदी न घालता परवाने व कर यांच्याद्वारे नियंत्रण ठेवावे, असा त्याचा निष्कर्ष होता. अर्थात हा अहवाल म्हणजे वेदवाक्य नव्हे. गांजाच्या दुकानांच्या मक्त्यातून पैसा मिळवणाऱ्या साम्राज्याला बंदी नकोच होती, हे विसरून चालणार नाही. परंतु महसुलासाठी का होईना, परकीय सरकारने प्रश्न विचारण्याचे कष्ट घेतले. स्वतंत्र भारताच्या सरकारने १९८५ साली तेवढेही केले नाही.

ते वर्ष मुंबईच्या दृष्टीने कसे होते? १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने सुमारे अडीच लाख कामगारांना रस्त्यावर आणले होते. संप मोडला गेला आणि गिरण्यांचे भोंगे एकेक करून बंद पडत गेले. परळ–लालबागच्या चाळींत बेकार तरुणांची पिढी उभी राहिली. आणि याच दशकात ब्राऊन शुगरच्या पुड्या शहरात शिरल्या. खरा शत्रू तो होता. पण कायद्याने एकाच जाळ्यात सर्व मासे पकडण्याचे ठरवले. चरसला तर ब्राऊन शुगरइतकीच किमान दहा वर्षांची शिक्षा ठेवली गेली. ज्या धंद्यात दोन्ही मालांना जवळपास सारखाच धोका, त्या धंद्यात व्यापारी कमी जागेत अधिक नफा देणाऱ्या मालाकडे वळणार, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. १९८९ मध्ये जामिनाच्या अटी जवळजवळ अशक्य करण्यात आल्या आणि ठरावीक प्रमाणाबाहेरच्या दुसऱ्या गुन्ह्यास सक्तीची फाशी आली. ती सक्ती घटनाबाह्य ठरवण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाचा जून २०११ चा निकाल यावा लागला. अल्प आणि व्यापारी मात्रा यांचा भेद तर २००१ च्या दुरुस्तीनंतरच शिक्षेच्या तक्त्यात उतरला.

राज्यांच्या हक्काची चोरी

राज्यघटनेची सातवी अनुसूची उघडून पाहिली तर एक चमत्कारिक गोष्ट आढळते. मादक पेये हा विषय राज्यसूचीत आहे. अफू, भारतीय भांग आणि इतर गुंगीकारक द्रव्ये यांवरील उत्पादनशुल्क हाही राज्यसूचीतील ५१ व्या नोंदीचा विषय आहे. घटनाकारांनी भांगेवर कर बसवण्याचा अधिकार राज्यांना दिला, याचाच अर्थ तिच्या नियंत्रित व्यवहाराची कल्पना त्यांनी केली होती. ‘औषधिद्रव्ये व विषे’ ही नोंद मात्र समवर्ती सूचीत आहे. आणि समवर्ती विषयात विरोध आला की अनुच्छेद २५४ प्रमाणे सामान्यतः केंद्राचा कायदा वरचढ ठरतो. त्यातच आंतरराष्ट्रीय करार अमलात आणण्यासाठी कोणत्याही विषयावर कायदा करण्याची मुभा अनुच्छेद २५३ ने संसदेला दिली आहे. परिणाम असा की, दिल्लीने परदेशात सही करावी आणि राज्यांच्या हातातील अधिकार आपोआप रिकामा व्हावा. राज्यांना कोणी विचारले नाही. शेतकऱ्यांना विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

आणि विरोधाभास असा की, २ डिसेंबर २०२० रोजी व्हिएन्ना येथे संयुक्त राष्ट्रांच्या अमली द्रव्य आयोगात भांगेला सर्वांत कडक परिशिष्टातून काढण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी संमत झाला, तेव्हा भारताने त्याच्या बाजूने मत दिले. त्याच महिन्यांत मुंबईत केंद्रीय ब्युरो चिमूटभर गांजासाठी दारे ठोठावीत होता. व्हिएन्नात एक भारत आणि बॅलार्ड इस्टेटमध्ये दुसरा!

काही राज्यांनी कायद्यातील फटी ओळखल्या. धागा व बी यांसाठी लागवडीस परवानगी देण्याची तरतूद कलम १४ मध्ये आहे. उत्तराखंडाने २०१८ मध्ये तिचा आधार घेऊन परवाने दिले. हिमाचल प्रदेशाच्या विधानसभेने सप्टेंबर २०२४ मध्ये औद्योगिक व औषधी लागवडीच्या दिशेने पाऊल टाकले. महाराष्ट्रात मात्र धुळे जिल्ह्यातील शिरपूरच्या डोंगराळ पट्ट्यात पोलीस दरवर्षी गांजाची शेते उपटतात, आदिवासी शेतकऱ्यांवर गुन्हे नोंदवतात आणि छायाचित्रे काढून घेतात. ज्या व्यापाऱ्याने बी आणि उचल दिली, तो छायाचित्रात नसतो.

चळवळीतील आक्षेप

या मांडणीला पहिला विरोध प्रतिगाम्यांकडून नव्हे, तर समाजवादी चळवळीतूनच होईल. आणि तो आदराने ऐकला पाहिजे. व्यसनमुक्ती ही या चळवळीची जुनी निष्ठा आहे. जोतीराव फुले यांनी पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० साली दारूच्या दुकानांच्या वाढीविरुद्ध आवाज उठवला. गुत्त्यासमोर ठाण मांडणाऱ्या स्त्रियांचे सत्याग्रह हा महाराष्ट्राच्या लोकलढ्यांचा उज्ज्वल भाग आहे. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात उभी राहून नवऱ्याचे पाकीट वाचवणारी बाई कोणत्याही पुस्तकी स्वातंत्र्यवाद्यापेक्षा शहाणी होती.

परंतु फुले दुकानांविरुद्ध आणि त्यांतून कर गोळा करणाऱ्या सत्तेविरुद्ध लढत होते. पिणाऱ्या शूद्राला तुरुंगात घाला, अशी त्यांची मागणी नव्हती. गुत्ता बंद करा म्हणणे वेगळे आणि गुत्त्यातल्या माणसाला बेड्या घाला म्हणणे वेगळे. दारूबंदीच्या इतिहासाने हा भेद मुंबईला चांगलाच शिकवला आहे. १९५० साली शहरात पूर्ण दारूबंदी आली, तेव्हा श्रीमंतांसाठी प्रकृतीच्या कारणावरून परवाने निघाले आणि गरिबांसाठी हातभट्ट्या पेटल्या. हप्त्याची पद्धत पोलीस ठाण्यांत मुरली, आणि त्या पैशावर पोसलेल्या टोळ्या पुढे तस्करीत शिरल्या. अखेर साठ–सत्तरच्या दशकांत सरकारनेच बंदी सैल केली. संविधान सभेत २४ नोव्हेंबर १९४८ रोजी मद्यनिषेधाच्या तरतुदीवर चर्चा झाली, तेव्हा कोल्हापूरचे बी. एच. खर्डेकर आणि आदिवासींचे नेते जयपालसिंह यांनी तिला विरोध केला होता. त्या दिवशी त्यांचे ऐकले गेले नाही. पुढच्या पंधरा वर्षांनी त्यांची बाजू पुष्कळ अंशी खरी ठरवली.

दुसरा आक्षेप आरोग्याचा. गांजा निरुपद्रवी आहे असा प्रचार करणारे लोक कामगारवर्गाचे मित्र नव्हेत. कोवळ्या वयात आणि सतत केलेले सेवन मेंदूला घातक आहे, काहींच्या बाबतीत गंभीर मनोविकारांना ते निमंत्रण देते, हे वैद्यकाने दाखवले आहे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या २०१९ च्या सर्वेक्षणानुसार देशात सुमारे ३ कोटी १० लाख लोकांनी वर्षभरात भांगेचा कोणता ना कोणता प्रकार सेवन केला होता. त्यांपैकी सुमारे १ कोटी ३० लाखांनी गांजा वा चरस घेतला होता. एवढ्या माणसांना तुरुंगात ठेवणे अशक्य आहे. मग पोलीस निवड करतात; आणि पोलिसांची निवड कोणावर पडते, हे वरील अभ्यासाने दाखवलेच आहे. जो आजारी आहे त्याला डॉक्टर हवा. परळच्या के.ई.एम. रुग्णालयाचा मानसोपचार विभाग भोईवाड्याच्या न्यायालयापासून हाकेच्या अंतरावर आहे. सरकारला मात्र न्यायालयाचा रस्ता सापडतो, रुग्णालयाचा सापडत नाही. स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यातून मुक्त करण्याची तरतूद कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये आहे. परंतु ज्या मजुराला वकीलच नाही, त्याला ती सांगणार कोण?

त्याच गिरणगावात आज काय दिसते? ज्या गिरण्यांत कामगारांनी हाडे झिजवली, त्यांच्या आवारांत आता काचेचे मनोरे आणि मद्यालये उभी आहेत. तिथल्या प्रत्येक पेल्यावर राज्य सरकार शुल्क वसूल करते. तिथे पिणारा ‘ग्राहक’ ठरतो. बाहेर पदपथावर चिलीम ओढणारा, त्याच गिरणी कामगाराचा नातू, ‘आरोपी’ ठरतो. नशेची निंदा करणाऱ्या राज्यसंस्थेचा नशेवरचा धंदा असा आहे.

अमेरिकेचा धडा

कायदा सैल झाला की न्याय आपोआप येईल, हाही भ्रम आहे. अमेरिकेत १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाने वैद्यकीय वापरास, २०१२ मध्ये कोलोरॅडो व वॉशिंग्टन या राज्यांनी प्रौढांच्या मुक्त वापरास संमती दिली. २०२३ अखेर अशी २४ राज्ये झाली. संघराज्याचा १९७० चा कायदा मात्र बंदी कायम ठेवून उभा राहिला, आणि २००५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या संमतीपेक्षा संघराज्याची बंदी श्रेष्ठ ठरवली. या विसंगतीत लाभ झाला तो भांडवलदारांचा. ज्या काळ्या तरुणांनी या पदार्थापायी तुरुंगात उमेदीची वर्षे घालवली, त्यांच्या वस्त्यांत आता गोऱ्या भांडवलाची झगमगीत दुकाने आहेत. भारतात उद्या असेच घडले, तर शिरपूरचा आदिवासी तुरुंगात आणि गांजाचे पेटंट एखाद्या औषध कंपनीच्या तिजोरीत, असा देखावा दिसेल. बंदी उठवा एवढीच घोषणा म्हणून अपुरी आहे. कोणासाठी उठवा, हे सांगितल्यावाचून ती घोषणा समाजवादी होत नाही.

मागणी काय?

पहिली मागणी संसदेकडे. अल्प मात्रेतील गांजाचे स्वतःपुरते सेवन आणि बाळगणे हा दंडनीय गुन्हा राहू नये. कलम २७ आणि कलम २० यांत तशी दुरुस्ती व्हावी. ही मागणी अतिरेकी नाही. खुद्द सामाजिक न्याय मंत्रालयाने अशा स्वरूपाची शिफारस केल्याचे ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले होते. ती पुढे कायद्यात उतरली नाही. दुसरी मागणी राज्य सरकारकडे. सेवनाच्या किरकोळ प्रकरणांत अटकेऐवजी उपचाराकडे पाठवण्याचे स्पष्ट आदेश पोलिसांना द्यावेत, प्रत्येक दंडाधिकारी न्यायालयात विनामूल्य वकिलाने आरोपीला कलम ६४-अ समजावून सांगितल्याखेरीज त्याची कबुली नोंदवली जाऊ नये, आणि महापालिकेच्या रुग्णालयांतील व्यसनमुक्तीच्या खाटा वाढवाव्यात. तिसरी, कलम १० आणि १४ खालील अधिकार वापरून धागा, बी व औषध यांसाठी लागवडीचे परवाने द्यायचे झाल्यास ते आदिवासींच्या व अल्पभूधारकांच्या सहकारी संस्थांनाच द्यावेत; खासगी कंपन्यांना नव्हे. चौथी, पुढे कोणताही आंतरराष्ट्रीय करार राज्यसूचीतील विषयाला हात घालणार असेल, तर आंतरराज्य परिषदेत त्याची चर्चा झाल्याखेरीज केंद्राने सही करू नये.

पक्षाच्या कार्यकर्त्यांनी या मागण्यांसाठी विधानसभेची वाट पाहण्याचे कारण नाही. दादर, परळ, लालबाग, गिरगाव या प्रत्येक विभागात न्यायालयाच्या दारात आठवड्यातून एक दिवस कायदा जाणणारा एक कार्यकर्ता उभा राहिला, तरी गुन्हा कबूल करण्याच्या रांगेतील कित्येक माणसे उपचाराच्या रांगेत जातील. व्यसनमुक्तीचे काम तिथून सुरू होते. ज्याला बेड्या घातल्या त्याला उपदेश करण्याचा अधिकार कोणत्याही राज्यसंस्थेला उरत नाही.